फाडलेली टिपणे

आमच्या विधी महाविद्यालयात दरवर्षी वाद-निवारणाच्या एखाद्या अभ्यासकाचे व्याख्यान होत असे आणि पाच वर्षांत मी त्यातले एकही चुकवले नाही. परिचय आणि स्वागत उरकले, की मागच्या रांगांतली मुले आपणहून पुढे येऊन बसत.

पहिल्या वर्षीच्या पाहुण्यांनी अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक फ्रँक सँडर यांची ओळख करून दिली. १९७६ साली अमेरिकेतल्या सेंट पॉल येथे न्यायव्यवस्थेतल्या त्रुटींवर भरलेल्या पाउंड परिषदेत सँडर यांनी असा विचार मांडला, की दारात आलेला प्रत्येक वाद खटल्याच्याच वाटेने का जावा, त्याचे स्वरूप पाहून त्याला मध्यस्थीकडे किंवा लवादाकडे का पाठवू नये? ‘अनेक दारांचे न्यायालय’ हे नाव या कल्पनेला नंतर एका नियतकालिकाने दिले. दुसऱ्या वर्षी अमेरिकन विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांचा ग्रंथालयातल्या खिडकीचा प्रसंग ऐकला. एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेट यांना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली आणि त्याला मोकळी हवा मिळाली, यांच्या अंगावर थेट येणारा वाराही टळला. ही तडजोड नव्हे, कारण कोणालाच काही सोडावे लागले नाही, हे त्यांचे म्हणणे मला आजही मोलाचे वाटते.

तिसऱ्या वर्षीचे व्याख्यान मात्र सर्वांत जवळचे. आलेल्या प्राध्यापिकांनी टेबल बाजूला करवले, समोरासमोरच्या दोन खुर्च्या फळ्याकडे तिरक्या वळवल्या आणि दोन विद्यार्थ्यांना भागीदारी मोडलेले भाऊ म्हणून तिथे बसवले. मी धाकट्याचा वकील होतो आणि अभिरूप न्यायालयाच्या सवयीने सारखा उठून युक्तिवाद करत होतो. त्यांनी मला एकदाही अडवले नाही, प्रत्येक वेळी सगळे ऐकून घेऊन त्या माझ्या पक्षकाराकडे वळत आणि शांतपणे विचारत, “यातले तुम्हांला नेमके काय हवे आहे?” तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, “दादाने मला न विचारता दुकानाची पाटी बदलली.” हिशेबाच्या कागदांत ही गोष्ट कुठेच नव्हती.

समेट झाल्यावर बाईंनी आपल्या टिपणांचे कागद सर्वांसमोर फाडले आणि ते कपटे टोपलीत न टाकता स्वतःच्या पिशवीत ठेवले. मध्यस्थीतले बोलणे गोपनीय असते, हे आम्ही पाठ केले होते; पाहिले मात्र त्या दिवशी. निरोप देताना मी विचारले, माझ्या पक्षकाराबद्दल काय लिहिले होते? “आठवत नाही,” असे म्हणून त्या पायऱ्या उतरल्या.