मॅनेज्ड होस्टिंग घेताय? होमपेज नको, चेकआउट तपासा

प्रीमियम मॅनेज्ड होस्टिंग, म्हणजे सर्व्हरची देखभाल कंपनीच बघते तो महाग प्लॅन, विकताना होमपेज उघडून दाखवतात. ते झटकन उघडतं आणि मालक वर्षाचे पैसे भरून मोकळा होतो. पण तयार पानाची प्रत कॅशमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवली की एकाच सर्व्हरवर अनेक साईट ठेवणारं साधं शेअर्ड होस्टिंगसुद्धा होमपेज झटकन देतं. महाग प्लॅनचे पैसे वेगळ्याच दोन गोष्टींसाठी असतात. कॅशमध्ये ठेवता न येणारी पानं गर्दीत कशी चालतात, ही पहिली. साईट बिघडली तर ती किती वेळात आणि किती ताज्या डेटासह परत उभी राहते, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी पैसे कायमचे अडकण्याआधी मोजता येतात.

आधी गरज आहे का ते बघा. नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या कारखान्याची साईट म्हणजे कंपनीची माहिती, यंत्रांचे फोटो आणि चौकशीचा फॉर्म एवढंच असेल, तर मॅनेज्ड प्लॅन घेऊ नका. बरं शेअर्ड होस्टिंग, पानांची कॅश आणि पुढे सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरचं जाळं) एवढ्यावर काम भागतं. पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदाराचंही तसंच. त्याचा खरेदीदार नेदरलँड्समध्ये असला तरी न बदलणारी पानं सीडीएन खरेदीदाराच्या जवळच्या सर्व्हरवरून देतो. येवल्याचं पैठणीचं ऑनलाईन दुकान, त्र्यंबकला खोल्या बुक करून देणारं लॉज, कॉलेज रोडवरचा ऑनलाईन टेस्ट सिरीज घेणारा क्लास यांचं मात्र वेगळं आहे. तिथे प्रत्येक माणसाला दिसणारं पान त्याच्यापुरतं बनवावं लागतं. २०२७ च्या सिंहस्थासाठी खोल्यांचं बुकिंग स्वतःच्या साईटवर घेणार असाल, तर हा विचार आत्ताच करा. पर्वणीच्या तारखा जवळ आल्यावर सर्व्हर बदलणं हा नसता धोका आहे.

आता मुख्य मुद्दा, पीएचपी वर्कर, म्हणजे सर्व्हरवर पान बनवण्याचं काम करणारी प्रक्रिया. वर्डप्रेसची साईट असेल तर कॅशमधून न येणारी प्रत्येक विनंती एक वर्कर हातात घेतो आणि ती पूर्ण होईपर्यंत दुसरी घेत नाही. कार्ट, चेकआउट, ‘माझं खातं’, खोली रिकामी आहे का हे बघणारा कॅलेंडर, साईटवरचा शोध ही सगळी कामं वर्करच्याच वाट्याला येतात. प्लॅनमध्ये ४ वर्कर आहेत आणि चेकआउटच्या एका विनंतीला ०.८ सेकंद लागतो असं धरा. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५ विनंत्या. ग्राहक पैठणी कार्टमध्ये टाकतो, पिनकोड बदलतो, कूपन लावतो, पैसे भरतो. एवढ्यात त्याच्या सहा-सात विनंत्या सहज होतात. दिवाळीच्या ऑफरचा मेसेज गेल्यावर साठ-सत्तर जण एकाच मिनिटात चेकआउटला आले की रांग लागते, आणि रांग लांबली की ५०२ किंवा ५०४ ची, म्हणजे सर्व्हरकडून नीट किंवा वेळेत उत्तर न आल्याची, एरर दिसते. होमपेज त्या वेळीही फास्टच उघडत असतं, म्हणून मालकाला वाटतं की घोटाळा पेमेंट गेटवेचा आहे.

यातली एक खोच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वर्कर काम करत नसला तरी अडकलेला असू शकतो. ऑर्डर होताच एसएमएस पाठवणारा प्लगइन समोरच्या सर्व्हरच्या उत्तराची ३ सेकंद वाट बघत बसला, तर तो वर्कर ३ सेकंद गेला. कुरिअरचा दर थेट विचारणाऱ्या प्लगइनचं तेच होतं. सीपीयूचा आलेख मोकळा दिसतो आणि साईट मात्र अडते. अशा वेळी सेल्सवाला वरचा प्लॅन घ्या म्हणतो. तो घेण्याआधी हे मेसेज मागच्या बाजूला, म्हणजे ऑर्डर पूर्ण झाल्यानंतर पाठवायची सोय करा. वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्या वू-कॉमर्स प्लगइनमध्ये त्यासाठी अॅक्शन शेड्युलर (कामं नंतर उरकणारी सोय) आधीपासून असतो. वू-कॉमर्सची आवृत्ती ७.८ च्या आधीची असेल तर कार्टचा आकडा ताजा ठेवण्यासाठी जवळजवळ प्रत्येक पानावर एक जादा विनंती जाते. नुसत्या अपडेटनेही बराच भार उतरतो.

म्हणून कंपनीला विचारायचे प्रश्न नेमके असावेत. वर्कर किती? त्यांच्यामागे सीपीयूचे कोअर किती, आणि ते माझ्या एकट्याचे की वाटून घेतलेले? २ कोअरवर १६ वर्कर दिले तर आकडा मोठा दिसतो, पण काम २ कोअरच करतात. वर्करची मर्यादा किती वेळा गाठली याचा आलेख पॅनलमध्ये दिसतो का? रेडिस ऑब्जेक्ट कॅश (डेटाबेसची उत्तरं मेमरीत ठेवणारी सोय) प्लॅनमध्येच आहे की त्याचे वेगळे पैसे आहेत? वर्करची संख्या सांगायला जो टाळाटाळ करतो आणि ‘अनलिमिटेड’ हा शब्द पुढे करतो, त्याच्याकडे जाऊ नका.

मोजणी अशी करा. पैसे परत मिळण्याच्या मुदतीत, ती बहुधा ३० दिवसांची असते, साईटची प्रत तात्पुरत्या पत्त्यावर चढवा. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये पहिल्या ओळीवर क्लिक करून सर्व्हरच्या उत्तरासाठी किती वेळ थांबावं लागलं ते बघा. आधी होमपेज, मग कार्टमध्ये वस्तू टाकून चेकआउट, मग लॉगिन करून खात्याचं पान. प्रत्येक पान दहादा, सकाळी ११ ला आणि रात्री ९ ला. दहा आकड्यांतला सगळ्यात चांगला नको, मधला धरा. पहिला बाइट येण्याचा वेळ ०.८ सेकंदाच्या आत असावा, असा गूगलचा निकष आहे. मुंबईतल्या सर्व्हरवरून चेकआउट अर्ध्या सेकंदाच्या आसपास आलं तर प्लॅन चांगला समजा. दीड सेकंद लागत असेल तर प्रीमियम हा शब्द विसरा. वेळ छान येतोय पण पान तरीही सावकाश भरतंय, तर दोष होस्टिंगचा नाही. पैठणीचा ४ एमबीचा फोटो कुठल्याही सर्व्हरवरून ४ एमबीचाच येतो.

त्यानंतर लोड टेस्ट, म्हणजे मुद्दाम गर्दी करून बघणं. के-सिक्ससारख्या साधनाने २० आणि मग ४० काल्पनिक ग्राहक पाच-पाच मिनिटं चेकआउटपर्यंत फिरवा. पेमेंटचं बटण टेस्ट मोडवर ठेवा. कंपनीला आधी कळवा, नाहीतर त्यांची फायरवॉल तुमचाच पत्ता अडवेल आणि निकाल चुकीचा येईल.

सर्व्हर मुंबईत आहे का हे नक्की बघा. नाशिकपासून मुंबई जेमतेम १७० किलोमीटर. अमेरिकेतल्या सर्व्हरला एक फेरी साधारण २०० मिलिसेकंदांची पडते. सुरक्षित जोडणी करून पहिलं उत्तर मिळेपर्यंत किमान तीन फेऱ्या होतात, म्हणजे पान बनवायला लागणारा वेळ सोडूनच अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ गेला. एडब्ल्यूएस आणि गूगल क्लाउड या दोघांचीही केंद्रं मुंबईत आहेत, त्यामुळे त्यांच्यावर चालणाऱ्या मॅनेज्ड कंपनीकडे मुंबई मागता येते. पण साईट बनवताना यादीत आपोआप निवडलेलं ठिकाण दुसरंच असू शकतं, आणि नंतर ते बदलणं म्हणजे पुन्हा स्थलांतर.

बॅकअप रोज होतो असं सगळेच सांगतात. तुम्ही एक बॅकअप परत बसवून बघा. प्रतीवरचं एक उत्पादन उडवा, कालचा बॅकअप बसवा आणि घड्याळ लावा. फाईल्स आणि डेटाबेस वेगवेगळे परत बसवता आले पाहिजेत. प्लगइनची एक फाईल बिघडली म्हणून अख्खा बॅकअप बसवला, तर सकाळपासूनच्या ऑर्डरही पुसल्या जातात. ऑर्डर घेणाऱ्या साईटला दिवसातून एकच बॅकअप पुरत नाही. तासातासाचा मिळतो का, कितीला मिळतो ते विचारा. आणि आठवड्याला एक प्रत कंपनीच्या बाहेर, स्वतःच्या ताब्यात ठेवा. खातंच बंद झालं तर त्यांच्याकडचे बॅकअपही त्याच दाराआड राहतात.

स्टेजिंगबद्दल, म्हणजे बदल करून बघायच्या साईटच्या वेगळ्या प्रतीबद्दल, तर कळकळीने सांगावंसं वाटतं. डेव्हलपर सोमवारी साईटची प्रत काढतो, डिझाईन बदलतो आणि गुरुवारी ‘पुश टू लाइव्ह’ दाबतो. फाईल्ससोबत डेटाबेसही गेला तर सोमवार ते गुरुवारच्या सगळ्या ऑर्डर सोमवारच्या जुन्या डेटाखाली गाडल्या जातात. पैसे गेटवेत जमा झालेले असतात, पण कुणाला काय पाठवायचं हे साईटला माहीत नसतं. फक्त फाईल्स किंवा निवडक टेबल्स पुढे पाठवायची सोय नसेल, तर ते स्टेजिंग दुकानाच्या कामाचं नाही.

अपटाइमच्या हमीचा हिशेब सोपा आहे. ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद राहिलं तरी हमी पाळली गेली. ९९.९९ टक्के असेल तर ४ मिनिटं. भरपाई सहसा त्या महिन्याच्या शुल्काच्या काही टक्क्यांत मिळते, बुडालेल्या विक्रीची नाही. सपोर्ट जोखायचा तर रविवारी रात्री साडेदहाला चॅटवर विचारा, ‘स्लो क्वेरी लॉग (डेटाबेसच्या संथ कामांची नोंद) कुठे सापडेल?’ वर्डप्रेस जाणणारा माणूस दोन ओळींत दाखवतो. कॅश पुसून बघा, एवढंच उत्तर आलं तर समजून घ्या. पीएचपीच्या आवृत्त्याही बघून घ्या. ८.१ च्या सुरक्षा दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०२५ ला थांबल्या, तेव्हा त्यापुढच्या आवृत्त्या मिळायलाच हव्यात. हॅक झालेली साईट साफ करून देणं प्लॅनमध्ये आहे की नाही, ते अटींमध्ये वाचा. एसएसएल (सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र) सगळेच फुकट देतात, त्याचं कौतुक नको.

पैशांचा भाग. पहिल्या बिलाचा दर आणि नूतनीकरणाचा दर वेगळा असतो. तीन वर्षांची बेरीज करून तुलना करा. महिन्याच्या भेटी मोजून दर लावणाऱ्या कंपनीला विचारा, की बॉटच्या भेटी धरता का आणि मर्यादा ओलांडल्यावर साईट थांबते की जादा आकार लागतो. डॉलरमधल्या बिलावर बँकेचा परकीय चलनाचा आकारही पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दर महिन्याला कार्डावरून आपोआप जाणारी रक्कम ई-मँडेटवर, म्हणजे आधी दिलेल्या ऑनलाईन मंजुरीवर, असते आणि १५,००० रुपयांपुढे प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. परदेशी कंपनीकडे ही व्यवस्था नीट नसेल तर कार्ड नाकारलं जातं, सूचना जुन्या ईमेलवर जाते आणि ऐन हंगामात साईट बंद पडते. अशा वेळी वर्षाचं बिल एकदम भरणं बरं. जीएसटी १८ टक्के आहे. नोंदणी असेल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक आलाच पाहिजे, आणि परदेशी बिलाला रिव्हर्स चार्ज (कर खरेदीदारानेच भरणं) लागतो का ते सीएंना आधीच विचारा.

ठरलं, की स्थलांतर. बहुतेक मॅनेज्ड कंपन्या ईमेल देत नाहीत, आणि घात इथेच होतो. डोमेनच्या सगळ्या नोंदी सांभाळणारे नेमसर्व्हर बदलले की मेल कुठे जावा हे सांगणारे एमएक्स रेकॉर्ड मागे राहतात आणि ऑफिसचे मेल बंद होतात. म्हणून नेमसर्व्हरला हात न लावता फक्त ए रेकॉर्ड, म्हणजे साईट कुठल्या सर्व्हरवर आहे ती नोंद, बदला. आदल्या दिवशी त्याचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची तो काळ) ३०० सेकंदांवर आणा. डेटाबेसची शेवटची प्रत काढण्यापासून नवीन साईटवर एक खरी ऑर्डर टाकून बघेपर्यंत जुनं दुकान मेंटेनन्स मोडवर ठेवा. मंगळवार-बुधवारची पहाट त्यासाठी बरी. एसएमएस, कुरिअर किंवा बँकेच्या एपीआयमध्ये जुन्या सर्व्हरचा आयपी नोंदवलेला असेल तर नवा आयपी दोन दिवस आधी कळवा. ऑर्डरचे मेल एसएमटीपीमधून, म्हणजे मेल पाठवणाऱ्या वेगळ्या सेवेतून, जातील अशी सोय करा आणि एसपीएफ रेकॉर्डमध्ये (तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं त्या नोंदीत) ती सेवा जोडा, नाहीतर मेल स्पॅममध्ये जातात. जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, महिनाभर चालू ठेवा. आणि ते रद्द करण्याआधी तिथल्या मेलबॉक्समधले जुने मेल उतरवून घेतलेत ना, ते बघा.