उत्खननावर पहिल्यांदा जाताय? खापर ओढू नका

उत्खननावर नवीन आलेल्या स्वयंसेवकाकडून हमखास होणारी चूक म्हणजे मातीतून खापराची कड दिसली की ती बोटांनी धरून ओढणे. खापर हातात येतं, पण ते कोणत्या थरात आणि कसं पडलं होतं ही माहिती कायमची जाते. बरेचदा ते मोडतंही. दिसलेली वस्तू जागच्या जागी राहू द्यायची, भोवतालची माती त्याच पातळीपर्यंत उतरवायची आणि ती पूर्ण मोकळी झाली की पर्यवेक्षकाला दाखवून मगच उचलायची.

मुख्य हत्यार छोटी थापी, साधारण 4 इंची पात्याची. पातं आणि दांडी एकसंध घडवलेली हवी. झाळलेला सांधा कडक जमिनीत निखळतो. टोकाने उकरायचं नाही. पात्याची कड टेकवून माती आपल्याकडे खरवडायची आणि मागे मागे सरकायचं, म्हणजे साफ केलेल्या भागावर गुडघे पडत नाहीत. ओल्या मातीवर ब्रश फिरवू नका, रंग एकमेकांत फासले जातात आणि थरांची सीमा पुसली जाते. ती सीमा बघण्यासाठीच तर एवढा खटाटोप असतो.

समजा पिवळसर मातीत वीतभर रुंदीचा काळपट गोल दिसला. कुजून गेलेल्या लाकडी खांबाची ती जागा असू शकते. असा गोल सगळा एकदम उपसायचा नाही. मधोमध दोरी ताणून अर्धा भाग काढायचा, मग उभा छेद समोर येतो. कडा सरळ खाली जाऊन तळ बंद होत असेल तर खांबाचा खड्डा असण्याची शक्यता जास्त. आतली माती भुसभुशीत असेल आणि वाट आडवी वळत असेल तर बहुधा उंदराचं बीळ. फोटो आणि मोजमापाचं रेखाचित्र झालं की उरलेला अर्धा.

खोदण्यासाठी आखलेल्या चौकोनांमध्ये न खोदता सोडलेले मातीचे बांध ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरच्या पद्धतीतले. थरांचा पुरावा त्यांच्या उभ्या भिंतींवर वाचला जातो, म्हणून बांधाच्या कडेवर बसू नका, घमेलंही टेकवू नका.

खोदून निघालेली माती चाळणं सोपं, फक्त घमेलं काठोकाठ भरू नका. खरी काळजी चिठ्ठीची. थराचा क्रमांक, चौकोन आणि तारीख न पुसणाऱ्या शाईने पिशवीवर लिहायची, आणि तीच चिठ्ठी आतही टाकायची. चिठ्ठी हरवलेल्या खापरांचा अभ्यासाला जवळजवळ उपयोग उरत नाही, मग ती कितीही सुंदर असोत.

धुताना मऊ ब्रश आणि साधं पाणी. रंगकाम असलेली किंवा आतून काजळी, अन्नाचा थर चिकटलेली खापरं बाजूला ठेवायची, कारण तपासायचं असतं ते नेमकं त्या थरातच. धातूला पाणी लावायचं नाही. धुतलेली खापरं सावलीत पूर्ण वाळू द्या. ओली भरली तर पिशवीत बुरशी धरते आणि आतली चिठ्ठी सगळ्यात आधी कुजते.