साडेतीन तासांची तीर्थन

नऊ दिवसांच्या सिमला-मनाली सहलीत माझ्या वाट्याला साडेतीन तास आले. तेही मागून घेतलेले. मुलांना बर्फ हवा होता, आईला हिडिंबा मंदिर, नवऱ्याला झोप. मला तीर्थन नदीच्या खोऱ्यात ट्राउट मासा पकडायचा होता, फ्लाय रॉडने, म्हणजे खोटी माशी फेकायच्या लांब काठीने. गेली दोन वर्षं मी पुण्यात सोसायटीच्या मैदानावर, दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधून सराव करत होते. शेवटी ठरलं ते असं: सकाळी साडेपाच ते नऊ मी नदीवर, साडेनऊला सगळे जालोरी खिंडीकडे.

सिमला आणि मनालीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मॉल रोडवर गर्दी होती आणि गाडी जागची हलत नव्हती. औटच्या बोगद्यापाशी हमरस्ता सोडून लारजीकडे वळलो, तेव्हा सहा दिवसांत पहिल्यांदा हॉर्न ऐकू यायचे थांबले. मच्छीमारी खात्याचा एका दिवसाचा परवाना घेतला आणि गुशैणीच्या अलीकडे नदीकाठच्या एका घरी उतरलो. लाकडी घर, अंगणात जर्दाळूचं झाड. घरमालकिणीने न विचारता मुलांना दूध आणून दिलं. आधीच्या दोन हॉटेलांत गरम पाण्यासाठी चार-चार फोन करावे लागले होते, त्यामुळे तो दुधाचा पेला मला अजून आठवतो.

पहाटे रॉड जोडत होते तर मागे बाबा उभे. कानटोपी, हातात काठी. "चल," म्हणाले, एवढंच.

बाबा चिपळूणचे. त्यांचं बालपण वशिष्ठीच्या काठाने गेलं. आमच्याकडे 'फिशिंग' म्हणत नाहीत, मासे 'गरवायला' जातात. बांबूची काठी, गरी, डबीत गांडुळं. मीही लहानपणी त्यांच्याबरोबर जायची. माझं काम डबी धरायचं. त्यामुळे माझ्या हातातली नऊ फुटी काठी आणि पिसं-दोऱ्याची नखाएवढी माशी त्यांनी उलटसुलट करून पाहिली. "आणि आमिष?" "हेच आमिष." त्यांनी माशी परत दिली.

त्यांना समजावताना मलाही ते नीट उमगलं. आपल्या गळाला वजन शिशाचं. ते फेकलं की दोरा त्याच्यामागून जातो. इथे माशीला वजनच नाही. वजन दोरीला असतं. दोरी मागे उडवायची, ती हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे आणायची. मागच्या थांब्यात घाई झाली की पुढचं सगळं बिघडतं. मैदानावर हे जमलं होतं. इथे पाठीशी अल्डरची झाडं होती. पहिल्या तासात दोन माश्या फांद्यांना गेल्या.

पाणी मात्र काय होतं! मे महिन्यात दिवसभर वर बर्फ वितळतं, म्हणून दुपारनंतर नदी फुगते आणि राखाडी होते. रात्रीच्या थंडीत वितळणं मंदावलेलं असतं, त्यामुळे सकाळी तळाचा गोटा न् गोटा दिसतो. पाण्यातल्या खडकावर एक काळपट-निळा पक्षी तांबडी शेपटी सारखी उघडमीट करत बसला होता. आमच्याबरोबर आलेल्या तिथल्या मुलाने एक दगड उलटून दाखवला. खाली वाळूचे कण चिकटवून केलेली इवलीशी नळकांडी होती, प्रत्येकीत एक अळी. ट्राउट हेच खातो आणि आपली माशी म्हणजे याचीच नक्कल. बाबांनी लगेच चष्मा काढून पुसला, परत लावला आणि स्वतः तीन-चार दगड उलटले.

हे मासे मूळचे इथले नाहीत. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास ते काश्मीरच्या नद्यांत सोडले आणि 1909 मध्ये कुलूकडे आणले. त्यांना थंड, वाहतं, भरपूर प्राणवायू असलेलं पाणीच लागतं. तीर्थनमध्ये ते टिकून आहे, कारण खोऱ्यातल्या लोकांनी भांडून या नदीवर जलविद्युत प्रकल्प होऊ दिले नाहीत. हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या वशिष्ठीला कोयनेचं अवजल येतं, वीज करून सोडलेलं पाणी. पाणी कधी चढणार ते वीजवाल्यांना माहीत."

आठ वाजले तरी काही नाही. गुडघाभर पाण्यात पाय बधिर झालेले. पैशाने वेळ विकत मिळाला असता तर तेव्हा मी घेतला असता. नदीसाठी एकच सकाळ ठेवली ही माझी चूक होती आणि ती मनातून जात नाही. असं काही करायचं असेल तर घरच्यांशी आधी भांडा, पण दोन सकाळी मिळवा.

तेवढ्यात काठावरून बाबांचा आवाज. "अगो, तिथे काय मारतेस? त्या मोठ्या धोंड्याच्या पाठी बघ. फेस जातोय ना, त्याच्या कडेला. पाणी त्याला खायला आणून देतंय, तो कशाला फिरेल?" बरोबरचा मुलगा हसून म्हणाला, "बाबूजी ठीक कह रहे हैं."

मी चार पावलं वर सरकले. माशी धोंड्याच्या वर टाकली आणि फेसाच्या पट्ट्याबरोबर वाहू दिली. दोरी मध्येच थबकली. मी काठी उचलली आणि काठी थरथरली.

साधारण वीतभराहून थोडा मोठा ब्राउन ट्राउट. पिवळसर-तपकिरी अंग, त्यावर फिकट कडा असलेले लाल ठिपके. हात आधी पाण्यात भिजवायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गरीचा उलटा काटा मी आदल्या रात्री पकडीने दाबून ठेवला होता, म्हणून ती लगेच सुटली. बाबा बूट-मोज्यांसकट पाण्यात आले होते. त्यांनी माझ्या हातांखाली स्वतःचा हात धरला. मासा प्रवाहाकडे तोंड करून त्या हातावर टेकला. कल्ले उघडत होते, मिटत होते. दहा-पंधरा सेकंदं असतील. मग शेपटीचा एक फटका आणि गेला.

बाबा तसेच वाकलेले राहिले, रिकामा हात पाण्यात.

जालोरीला जाताना गाडीत ते म्हणाले, "तुला राग येईल, पण सांगतो. आम्ही मासा धरला तो खायला. चुलीवर जायचा नसेल तर त्याच्या तोंडात गरी का घालायची? नुसता खेळ म्हणून? मला पटत नाही." मी म्हटलं, सगळ्यांनीच खाल्ले तर नदीत उरतील कुठून? "मग धरूच नये," ते म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही. त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला वाटत नाही आणि तरी मी पुन्हा जाणार आहे.

जालोरीला ढग होते, काही दिसलं नाही. रात्री जेवायला ट्राउट होता, हौदात वाढवलेला. चव चांगली. आईच्या मते कोकम हवं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी सातला येणार होती. पाचला दारावर टकटक. बाहेर बाबा, कानटोपी घालून.

"परवाना कालचाच होता, बाबा."

"काठी राहू दे," ते म्हणाले. "पाणी बघून येऊ."