नवरी, ओवी आणि सिद्धान्ताचा पेपर

एम.ए. इंग्रजीला आधुनिक साहित्य सिद्धान्ताचा पेपर होता. पहिल्या चाचणीत मला वीसपैकी सात गुण पडले. रूपवाद, संरचनावाद, विरचना... प्रत्येकाची व्याख्या आणि साल मी घोकलं होतं. मॅडमनी उत्तरपत्रिकेवर एवढंच लिहिलं, "हे तुझ्या भाषेत कसं घडतं ते सांग."

ते वाक्य डोक्यात घेऊनच मी दांडिया बाजारातल्या घरी आले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बडोद्याचे. घरात मराठी, उंबरा ओलांडला की गुजराती. जिन्यात शेजारच्या बेननी विचारलं, "तुं नवरी छे?" म्हणजे मोकळी आहेस का. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण त्या दिवशी पायरीवरच थांबले. मराठीत नवरी म्हणजे वधू, गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी. उच्चार तोच, आणि अर्थाचा एकमेकांशी काही संबंध नाही. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर म्हणतो ते हेच! चिन्हक (शब्दाचा उच्चार) आणि चिन्हित (त्यातून मनात येणारी कल्पना) यांची गाठ निसर्गाने बांधलेली नसते, ती बोलणाऱ्या समाजाने बांधलेली असते.

मग पुढचंही उलगडलं. शब्दाला मोल येतं ते शेजारच्या शब्दांमुळे, हाच संरचनावादाचा गाभा. पाहुण्यासमोर "आम्ही जेवतो" म्हटलं तर तो बाहेर राहतो, "आपण जेवू" म्हटलं तर पानावर येतो. इंग्रजीत दोन्हीला एकच सर्वनाम. 'आपण'चा अर्थ 'आम्ही'च्या असण्यावर उभा आहे. एवढं कळायला मला तीन आठवडे लागले, पण त्यानंतर संरचनावाद कधी पाठ करावा लागला नाही.

रशियन रूपवाद त्या मानाने सोपा गेला. समीक्षक श्क्लोव्स्कीचा १९१७चा निबंध सांगतो की सवयीने दिसेनाशी झालेली वस्तू कला पुन्हा अनोळखी करून दाखवते. जिन्यातला तो क्षण आठवला की पुरे.

खरी झटापट झाली ती फ्रेंच समीक्षक बार्थशी. लेखकाच्या मृत्यूवरचा त्याचा निबंध १९६७चा, जेमतेम काही पानांचा. मार्गदर्शिकेच्या आधी मूळ निबंध वाचा, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. बार्थ म्हणतो, संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूत शोधू नका, तो वाचकापाशी एकत्र येतो. मला पटलं. सोस्यूरच्या नावावरचं १९१६चं पुस्तक तरी त्याने कुठे लिहिलं होतं? तो १९१३मध्ये गेला; विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून सहकाऱ्यांनी ते रचलं. आजीच्या ओव्यांचंही तसंच. पहिल्या ओळी सगळ्या बायकांच्या सारख्या, भावाचं नाव मात्र जिचं तिचं. कुणी रचली हे कोणी विचारत नाही.

पण याच ठिकाणी माझं मन अडलं. ज्या बायकांना, ज्या दलित लेखकांना आत्ता कुठे स्वतःचं नाव लिहायला मिळालं, त्यांनाही लगेच पुसून टाकायचं का? स्त्रीवादी समीक्षकांनी हा प्रश्न आधीच विचारलाय, हे मला हंसा मेहता ग्रंथालयात वाचताना कळलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या १९४८च्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात, पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल अशी शब्दरचना होती. ती बदलून 'सर्व माणसे' करून घेण्याचं मोठं श्रेय, ज्यांचं नाव या ग्रंथालयाला आहे त्या हंसाबेनचं. त्याच पुढे १९४९मध्ये इथल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. एका शब्दासाठी इतकं झगडायचं का, असं जो विचारेल त्याला मी हे उदाहरण देते.

वार्षिक परीक्षेत लेखकाच्या मृत्यूवर प्रश्न आला. मी बार्थचं म्हणणं आधी प्रामाणिकपणे मांडलं, मग ओव्यांचा दाखला दिला, मग माझा विरोध लिहिला. पेपर चांगला गेला.

त्या संध्याकाळी मी आजीला विचारलं, "या ओव्या कुणाच्या गं?"

"सासूबाईंकडून आल्या," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "दळताना शेवटी म्हणायचे ती मात्र माझी. तुझी आई झाली तेव्हाची."

"कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कोण विचारतंय, बाळा!"

मी वही आणली. तिने ओवी दोनदा म्हटली, मी उतरवून घेतली आणि खाली तिचं नाव लिहिलं.