पहिला लेथ घेताना

पेरणीच्या तोंडावर पेरणीयंत्राचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) गेला. एवढ्याशा बुशापायी दारव्ह्याला लेथवर (लोखंड फिरवून कातायच्या यंत्रावर) दोन दिवस नंबर लागला नाही आणि इकडे वाफसा हातचा गेला. त्याच आठवड्यात ठरवलं, आता घरी लेथ घ्यायचा. आयटीआयला फिटर केलं होतं, त्यामुळे यंत्राची भीती नव्हती.

आधी मनात भरला होता तो टेबलावरचा छोटा लेथ: 180 एमएम स्विंग (एवढ्या व्यासापर्यंतचा जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, फिरतो), दोन सेंटरमध्ये 350 एमएम (जॉबची लांबी), वजन चाळीसेक किलो, घरच्या सिंगल फेजवर चालणारा. मग एका कागदावर वर्षभरातली कामं लिहून काढली. बुश, पिना, पुली, पंपाचे शाफ्ट. 180 हा आकडा बेडवरचा (लेथच्या खालच्या रुळांवरचा) असतो, क्रॉस स्लाइडवरून (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागावरून) 110 च्या आसपासच जॉब जातो. आणि माझे निम्मे शाफ्ट 400 च्या वरचे. छोटा लेथ वाईट नाही, पण माझ्या कामाचा नव्हता.

म्हणून जुना साडेचार फुटी बघायला अमरावतीला गेलो. सोबत गावातले टर्नर काका. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलेलं. पहिला लेथ रंगानं नवाकोरा. काकांनी कॅरेज (बेडवर सरकणारा, हत्यार धरणारा भाग) चकाजवळ, म्हणजे जॉब पकडणाऱ्या पंजाजवळ आणली, गिब (सरकत्या भागातली फट भरणारी पट्टी) हलकी कसली आणि चाक टेलस्टॉककडे (दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे) फिरवलं. अर्ध्या वाटेत कॅरेज जाम! बहुतेक काम चकाजवळच्या वीतभर जागेत होतं, बेड तिथंच झिजतो. तिथं बरोबर कसलेली गिब पुढच्या न झिजलेल्या बेडवर अडकते. “रंग पाहू नको भाऊ, बेड पाय,” काका म्हणाले आणि निघाले.

दुसरा एका बंद होणाऱ्या वर्कशॉपमधला, तेलानं काळा पडलेला. पण कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी सरकली. चकावर डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावून खाली सागाची फळी घातली आणि पहारीनं उचलून पाहिलं. काटा दोनच घरं हलला, म्हणजे 0.02 एमएम. बेअरिंग ठीक. तिथंच 45 हजारांत सौदा झाला.

आटे पाडताना बदलायचे गिअर पोत्यात भरून मिळाले. घरी येऊन दात मोजत बसलो, तर 127 चा गिअरच नाही. लीड स्क्रू (आटे पाडताना कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) इंचाचा, इंचाला आठ आट्यांचा. त्यावर एमएमचे आटे अचूक पाडायला 127 दात लागतात, कारण 25.4 ची पाचपट 127. तो नंतर वेगळा करून घ्यावा लागला. जुना लेथ घेणाऱ्यानं पैसे देण्याआधी गिअर मोजावेत, मी मोजले नाहीत.

मोटर थ्री फेज. आमच्या गावठाणात सिंगल फेजच. थ्री फेज शेताकडं, तीही पाळीनं. मोटरीची सहाही टोकं बाहेर होती, म्हणून स्टार जोडणीची डेल्टा (कमी व्होल्टेजवर चालणारी) करून व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारा ड्राइव्ह) बसवला. वेगही हवा तसा करता येतो. फक्त संध्याकाळी व्होल्टेज पडलं की तो बंद पडतो, म्हणून टर्निंग सकाळीच.

सगळ्यात जास्त शिकवलं ते जमिनीनं. काळ्या मातीवर कोबा करून लेथ ठेवला. उन्हाळ्यात काम सरळ येत होतं. पहिला दमदार पाऊस झाला आणि 100 एमएम लांबीत 0.05 एमएमचा टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक) यायला लागला. माती फुगली, कोबा एका बाजूनं उचलला आणि बेडला पीळ बसला. मग लेथ सरकवून मुरूम लागेपर्यंत खोदलं, तिथून काँक्रीट भरून आणलं. घरच्यांनी विचारलं, “एवढं लोखंड ठेवाले अख्खी खोली खोदाची?” खोदावीच लागली. आता दर मोसमात टेलस्टॉक न लावता एक दांडा फिरवतो, दोन्ही टोकं मायक्रोमीटरनं मोजतो आणि पायाखालचे स्क्रू जुळवतो.

मिलची, म्हणजे फिरत्या कटरनं गाळे कापणाऱ्या मिलिंग मशीनची, घाई केली नाही, तेही एक फजिती झाल्यावर. शाफ्टला चावीचा गाळा (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून बसवायच्या चावीची खाच) काढायला ड्रिल मशीनमध्येच एंडमिल (बाजूनंही कापणारा कटर) लावली. ड्रिल चक नुसत्या टेपरवर (निमुळत्या दांड्यावर) बसलेला असतो, आडवा जोर आला की सुटतो. माझाही सुटला, फिरता चक जॉबवर आपटून खाली पडला. हात मागं होता म्हणून वाचलो. मिलला वरून ओढून धरणारा ड्रॉबार हवाच, हे त्या दिवशी कळलं. गोल खांबाची मिल स्वस्त मिळत होती, पण तिचं डोकं वर-खाली केलं की ते बाजूला फिरतं आणि सेंटर हरवतं. घेईन तेव्हा डव्हटेल खांबाचीच, म्हणजे जिचं डोकं खाचेत सरळ सरकतं ती.

तोवर क्रॉस स्लाइडवर व्हर्टिकल स्लाइड (जॉब वर-खाली सरकवणारा भाग) बसवला आहे. कटर चकात, शाफ्ट स्लाइडवर. 20 एमएमच्या शाफ्टला 6 रुंद, साडेतीन खोल गाळा, अर्ध्या-अर्ध्या एमएमचे सात कट. परवा असाच शेजाऱ्याच्या पंपाचा शाफ्ट केला. चावी लाकडी हातोडीच्या दोन टिचक्यांत बसली.