तुम्ही विचारलंत म्हणून: सदाफुलीच्या पानांनी शुगर उतरते का?

नागपूरच्या अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला येणारे काका असोत, सोसायटीतल्या काकू असोत, नाहीतर लग्नात पंगतीला शेजारी बसलेलं कुणी, मी फार्माकॉग्नॉसी शिकवते म्हणजे झाडपाल्यातल्या औषधांचा विषय शिकवते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मॅडम, सदाफुलीची पानं उपाशीपोटी चावून खाल्ली तर शुगर उतरते ना जी?" आणि त्याच दमात, "कॅन्सरचं औषध पण तिच्यातूनच काढतात म्हणे, मग खायला काय हरकत आहे?" उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, अर्धवट सांगितलं तर भलताच अर्थ निघतो, म्हणून एकदा बसून लिहिते.

सदाफुली मूळची मादागास्करची, पण आता आपलीच झालीये. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर गेला, कुंडीतल्या बाकी सगळ्यांनी माना टाकल्या तरी ही फुललेलीच असते, आणि बकऱ्या मोकाट फिरत असल्या तरी तिला तोंड लावत नाहीत कारण पान जहाल कडू. हा कडूपणा अल्कलॉइड्सचा, म्हणजे झाडात बनणाऱ्या, अंगावर जोरदार परिणाम करणाऱ्या रसायनांचा. शंभराहून जास्त वेगवेगळी अल्कलॉइड्स या एका झाडात सापडलीयेत, खाणाऱ्यापासून वाचायला झाड ती बनवतं.

आता गंमत अशी की कॅन्सरच्या औषधाचा शोध लागला तो शुगरच्याच प्रश्नातून. 1950 च्या दशकात कॅनडात क्लार्क नोबल नावाच्या डॉक्टरांकडे जमैकाहून या झाडाची पानं आली, तिकडे लोक डायबेटिसवर त्याचा चहा करून प्यायचे. त्यांनी ती पानं आपल्या भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे पाठवली, ते वेस्टर्न ओंटारिओ युनिव्हर्सिटीत रिसर्च करायचे. त्यांनी अर्क काढून उंदरांना तोंडावाटे दिला, शुगरवर काहीच फरक नाही. मग इंजेक्शनने दिला तर उंदीर काही दिवसांत इन्फेक्शन होऊन मरायला लागले, आणि तपासलं तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली गेलेल्या. दुसरा कुणी असता तर फाइल बंद केली असती. यांनी विचार केला की जे पांढऱ्या पेशी इतक्या कमी करतं ते पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर चालेल का, आणि चार्ल्स बिअर या केमिस्टसोबत त्या अर्कातून एक अल्कलॉइड वेगळं केलं, व्हिनब्लास्टीन, 1958 मध्ये ते जगासमोर मांडलं. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीचे शास्त्रज्ञ स्वतंत्रपणे याच झाडावर काम करत होते, त्यांच्याकडून पुढे व्हिन्क्रिस्टीन आलं, 1963 मध्ये तिथे मंजूर झालं, आणि लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये आजही केमोच्या औषधांत ते असतंच. मला हा इतिहास वर्गात सांगताना दरवर्षी तितकाच आनंद होतो.

पण बघा, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आलं. शुगरसाठी म्हणून जो अर्क तपासला त्याने शुगर हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र गेल्या.

हे का होतं तर पेशीचे दोन भाग होताना आत ट्युब्युलिन नावाच्या प्रोटीनच्या अतिबारीक नळ्या तयार होतात, त्या गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेतात. व्हिन्क्रिस्टीन ट्युब्युलिनला जाऊन चिकटतं, नळ्या बनतच नाहीत, पेशी अर्ध्यातच अडकते आणि मरते. भराभर वाढणारी कॅन्सरची पेशी यात आधी सापडते हे खरं, पण बोनमॅरो म्हणजे रक्तपेशी जिथे बनतात तो हाडांतला मगज, आणि केसांची मुळं यांच्या पेशीही भराभर वाढणाऱ्याच असतात. आणि नसांमध्ये मालाची ने-आण याच नळ्यांवरून चालते, त्यामुळे व्हिन्क्रिस्टीन घेणाऱ्यांना हातापायाला मुंग्या येतात, बद्धकोष्ठता होते. म्हणून डोस मिलिग्रॅममध्ये मोजतात, एका वेळी सहसा 2 मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, आणि देतात फक्त शिरेतून. चुकून पाठीच्या कण्यात दिलं गेलं तर माणूस दगावतो, इतकं ते जहाल आहे. झाडात ते असतं अगदी कणभर, एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. म्हणजे पानं चावून कॅन्सरचा डोस मिळणार नाही, बाकीची शंभर अल्कलॉइड्स मात्र पोटात जातात, तीही न मोजता, कारण कुठल्या कुंडीतल्या कुठल्या पानात कुठलं किती हे ऊन, पाणी, जात सगळ्यावर बदलतं.

"पण मॅडम नेटवर रिसर्च आहे ना, अर्काने शुगर कमी होते." हो आहे, आणि तो खोटा नाही. तो कसा होतो ते सांगते, कारण आमच्याकडे मुलं रोज हेच करतात. पानं सावलीत वाळवायची, भरड पूड करायची, सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात मेथॅनॉल हे अल्कोहोल घालून तासन् तास अर्क काढायचा, मग मेथॅनॉल उडवून लावायचं, खाली हिरवट काळा चिकट गोळा उरतो तो अर्क. अल्कलॉइड आहे का बघायला ड्रॅगेनडॉर्फ रिएजंट टाकायचं, नारिंगी साका बसला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पुढे उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन त्यांच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मुद्दाम मारतात, शुगर वाढवतात आणि मग अर्क देऊन बघतात. अशा प्रयोगांत शुगर उतरल्याचे पेपर आहेत. पण तुमचा टाइप टू डायबेटिस असा झालेला नसतो. शिवाय डोसचं गणित करा, अशा प्रयोगात उंदराला किलोमागे 400 मिलिग्रॅम दिलं असेल तर माणसासाठी त्याला साधारण 6 ने भागतात, 60 किलोच्या माणसाला रोज जवळपास 4 ग्रॅम अर्क आला, आणि पानातून दहा टक्के अर्क निघतो धरलं तर रोज 40 ग्रॅम वाळलेली पानं. एवढं खायचा सल्ला मी कुणालाच देणार नाही. माणसांवर मोठ्या ट्रायलमध्ये सिद्ध झालेलं सदाफुलीचं शुगरचं औषध आज तरी नाही.

रिसर्चला मात्र हे झाड अजून पुरून उरतंय. 2022 मध्ये डेन्मार्क आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या शास्त्रज्ञांनी मिळून यीस्टमध्ये झाडाचे कितीतरी जीन्स घालून व्हिनब्लास्टीनचे दोन्ही तुकडे, व्हिंडोलिन आणि कॅथरँथिन, बनवून दाखवले आणि ते जोडून औषध तयार केलं. पानांवर अवलंबून राहिलं की औषधाचा तुटवडा पडतो, म्हणून या कामाचं मला फार अप्रूप आहे.

"माझा भाऊ रोज खाऊन राहिला, त्याची तर उतरली," असंही मला सांगतात. उतरली असेल, सोबत त्याने गोड सोडलं असेल, चालायला लागला असेल, गोळीही चालू असेल. त्याला माझ्याकडून एवढंच सांगा की डॉक्टरांपासून हे लपवू नकोस, पानं थांबव, एकदा सीबीसी म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी करून पांढऱ्या पेशी बघून घे, आणि पानांच्या भरवशावर गोळी बंद केली असेल तर डॉक्टरांना विचारून आजच परत सुरू कर. गरोदर बाईने तर पानांना हात लावू नये. आणि घरात कुणाची केमो चालू असेल तर कुठलाच काढा, अगदी बुरशीच्या इन्फेक्शनवरची इट्राकोनॅझोलची गोळीसुद्धा, ऑन्कोलॉजिस्टला म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, कारण व्हिन्क्रिस्टीन लिव्हरमध्ये ज्या एन्झाइमने मोडतं त्याला ही गोळी अडवते आणि औषध अंगात साचत जातं.