३.७६ च्या पुढचे आकडे

व्हर्निअर या बारीक मोजमापाच्या साधनाने गोळीचा व्यास मोजून आकारमान काढायचं, हा आमचा अकरावीतला प्रयोग. व्यास १.९३ सेंटीमीटर आला की कॅल्क्युलेटर ३.७६४१८१४ दाखवायचा आणि वर्गातली निम्मी मुलं ते जसंच्या तसं जर्नलमध्ये उतरवायची. भौतिकशास्त्राचे सर ३.७६ च्या पुढचं सगळं लाल पेनने खोडत. "हे आकडे कॅल्क्युलेटरचे, गोळीचे नव्हेत!" व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०१ सेंटीमीटर, त्यापलीकडचं बोलायचं नाही, हा प्रयोगशाळेचा कायदा.

पुढे इंजिनिअरिंगला फझी लॉजिक आलं. लोत्फी झादे यांनी १९६५ साली मांडलं, की 'हा माणूस उंच आहे' हे विधान पूर्ण खरं किंवा पूर्ण खोटं असायलाच हवं असं नाही, ते ०.७ इतकं खरं असू शकतं. मला लगेच सर आठवले. ०.७ च का? ०.६९ का नाही? उंचपणाचा लीस्ट काउंट किती? जपानमधल्या सेंदाईची मेट्रो १९८७ मध्ये याच तर्काच्या नियंत्रणावर सुरू झाली, म्हणजे पद्धत चालते हे खरंच. पण अशा यंत्रणेत हवा तो परिणाम मिळेपर्यंत आकडे मागेपुढे करता येतात. ते मोजलेले नसतात, जमवलेले असतात, आणि त्यात काही बिघडतही नाही.

खात्रीचं मात्र अवघड आहे. रोज पावसाचा अंदाज देणाऱ्याचा ताळा घेता येतो: '७० टक्के' म्हटलेल्या दिवसांपैकी साधारण तेवढ्या दिवशी पाऊस पडला का? एकदाच घडणाऱ्या गोष्टीबद्दल कुणी '७३ टक्के खात्री' सांगितली, तर त्यातले ते तीन कशाने मोजले? अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी तर १९२१ मध्येच म्हटलं होतं, की प्रत्येक संभाव्यतेला आकडा देता येत नाही.

मग नुसते शब्द वापरावेत? तेही फसवे. युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' आहे, असं अमेरिकेच्या गुप्तवार्ता अहवालात १९५१ साली लिहिलं गेलं. सीआयएचे विश्लेषक शर्मन केंट यांनी नंतर सहकाऱ्यांना विचारलं, तर त्याच शब्दांचा अर्थ कुणाच्या मनात २० टक्के होता, कुणाच्या ८०!

म्हणून ऑफिसात मी ज्युनिअर मंडळींकडे खात्रीचा एक आकडा न मागता पट्टा मागतो, '६५ ते ८५' असा. परवा त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "सर, पण हे ६५ तरी कुठून मोजून आणायचे?" मला उत्तर सुचलं नाही. आमच्या कॉलेजच्या महोत्सवाला ते भौतिकशास्त्राचे सर येणार आहेत म्हणे, त्यांच्यापुढेच ठेवतो.